सेडलेत्सचं अस्थिगृह: जाण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रागला जाणाऱ्या मराठी मंडळींकडून सेडलेत्सबद्दल वर्षभर प्रश्न येत असतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. तिकिटाचे दर आणि गाड्यांच्या वेळा मुद्दाम दिलेल्या नाहीत. त्या बदलत राहतात, निघायच्या आदल्या दिवशी बघून घ्या.

हे नक्की आहे काय? हाडांचं चर्च म्हणतात ते हेच का?

हेच. चेक प्रजासत्ताकात प्रागच्या पूर्वेला साधारण ७० किलोमीटरवर कुटना होरा नावाचं गाव आहे आणि सेडलेत्स हे त्याचं उपनगर. तिथल्या दफनभूमीच्या मधोमध ‘सर्व संतांचं’ छोटं दुमजली चर्च आहे. वरच्या मजल्यावर चॅपल आणि खालच्या मजल्यावर अस्थिगृह. हजारो माणसांच्या कवट्या, हातापायांची हाडं, मणके, बरगड्या तिथे रचून ठेवल्या आहेत. काहींचे नुसते उंच ढीग आहेत, काहींच्या माळा, कलश, राजचिन्ह आणि छताला टांगलेलं मोठं झुंबर.

फोटो बघून लोकांना वाटतं की हा कुणा विक्षिप्त माणसाचा महाल असणार. तसं नाही. ही कॅथलिक चर्चची जागा आहे आणि स्थानिक पॅरिश, म्हणजे तिथलं चर्च-मंडळ, ती चालवते. बाहेर आजही थडगी आहेत, त्यांवर ताजी फुलं असतात.

एवढी माणसं तिथे पुरली कशी? एका खेड्यात इतकी हाडं येतील कुठून?

सेडलेत्सला ११४२ साली सिस्टर्शियन या कॅथलिक संन्याशांच्या पंथाचा मठ स्थापन झाला. १२७८मध्ये बोहेमियाचा राजा दुसरा ओटाकार याने तिथल्या मठाधिपतीला, हेन्रीला, पवित्र भूमीत पाठवलं. परत येताना त्याने गोलगोथाची, म्हणजे येशूला क्रुसावर दिलं त्या टेकडीची, थोडी माती आणली आणि मठाच्या दफनभूमीवर पसरली अशी कथा आहे. मग काय, जेरुसलेमला जाऊन मरणं सगळ्यांना थोडंच जमणार! त्या मातीत पुरलं जावं म्हणून दुरून दुरून लोक येऊ लागले. आपल्याकडे काशीला देह ठेवायची ओढ असते, ती माहीत असलेल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

पण नुसत्या श्रद्धेने एवढा ढीग झाला नसता. जवळच चांदीच्या खाणी होत्या. १३००पासून कुटना होऱ्यात प्राग ग्रोशेन हे चांदीचं नाणं पाडलं जात होतं आणि गाव माणसांनी भरलेलं होतं. त्यात १३१८च्या सुमारास दुष्काळ आणि रोगराई आली. त्या एका वर्षात इथे तीस हजार माणसं पुरली असं त्या काळच्या बखरीत म्हटलंय. बखरीतला आकडा जपूनच घ्यावा, पण प्रसंग मोठा होता यात शंका नाही. पुढे चौदाव्या शतकाच्या मध्याला प्लेग आला आणि पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला हुसाइट, म्हणजे धर्मसुधारक यान हुसच्या अनुयायांची, युद्धं झाली. १४२१मध्ये मठच जाळला गेला. अलीकडे चर्चच्या दुरुस्तीच्या वेळी आजूबाजूला खोदकाम झालं, तेव्हा सामूहिक दफनंही सापडली.

मग पुरलेली हाडं वर का काढली?

जागेसाठी. दफनभूमी भरली की जुनी हाडं काढायची, ती आदराने एका जागी ठेवायची आणि जमीन नव्या माणसाला द्यायची, ही युरोपातली जुनी रीत. हाडं ठेवायची जागा म्हणजे अस्थिगृह. साधारण १४००च्या सुमारास सेडलेत्सच्या दफनभूमीत गॉथिक चर्च बांधलं, त्याचा खालचा मजला याच कामासाठी होता. १५११नंतर हाडं गोळा करून रचण्याचं काम मठातल्या एका अर्धवट दृष्टी असलेल्या संन्याशाने केलं असं सांगतात. काम पुरं झाल्यावर त्याची दृष्टी परत आली, असंही पुढे जोडतात. त्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं.

ही रीत आपल्यापासून फार लांबची नाही. मुंबईतल्या ख्रिस्ती दफनभूम्यांत काही वर्षांनी थडगं उघडून हाडं भिंतीतल्या कप्प्यात ठेवतात आणि जागा पुन्हा वापरतात. वसईच्या किंवा बांद्र्याच्या ख्रिस्ती मित्राला विचारा, तो तुम्हाला घरचंच उदाहरण सांगेल. त्याला सेडलेत्सच्या हाडांचं नवल वाटत नाही, झुंबराचं वाटतं.

आत किती माणसांची हाडं आहेत?

चाळीस ते सत्तर हजार असा अंदाज नेहमी दिला जातो. एकेक मोजून काढलेला हा आकडा नाही. ‘चाळीस हजार कवट्या’ असं काही ठिकाणी छापतात, ते चुकीचं आहे. अंदाज माणसांचा आहे, दिसणाऱ्या कवट्यांचा नाही.

झुंबर वगैरे कुणी बनवलं? त्या संन्याशाने?

नाही, ते खूप नंतरचं. मधली गोष्ट अशी: १७०३ ते १७१०च्या दरम्यान चर्चची पुढची भिंत बाहेरच्या बाजूला कलायला लागली होती. तिला आधार म्हणून नवं प्रवेशद्वार बांधलं आणि वरच्या चॅपलची बरोक शैलीत पुनर्रचना झाली. हे काम यान सान्तिनी आइखेल या वास्तुकाराचं. पुढे सम्राट दुसऱ्या जोसेफने मठ बंद केले, त्यात सेडलेत्सचाही गेला आणि मालमत्ता श्वार्त्सेनबर्ग या सरदार घराण्याकडे आली. या घराण्याने १८७०मध्ये फ्रान्तिशेक रिंट नावाच्या लाकडावर कोरीवकाम करणाऱ्या कारागिराला हाडं नीट लावायला सांगितलं. आज आपण ज्याचे फोटो बघतो ते झुंबर, कलश, माळा, राजचिन्ह हे सगळं रिंटच्या कामातून आलेलं आहे.

त्याने हाडं क्लोरीनयुक्त चुन्याने स्वच्छ करून पांढरी केली. आणि सही केली, तीही हाडांनीच. पायऱ्यांजवळच्या भिंतीवर त्याचं नाव, त्याचं गाव चेस्का स्कालित्से आणि १८७० हे साल बारीक हाडांच्या अक्षरांत लावलेलं आहे. बहुतेक लोक झुंबराकडे बघत पुढे जातात आणि ही सही राहून जाते. एक अक्षर निवडा आणि जवळून बघा. बोटांची आणि हातांची लांब हाडं कुठे सरळ, कुठे तिरकी लावून ते उभं केलंय. सुताराचा हात आहे हे लगेच कळतं.

झुंबरात खरंच माणसाच्या शरीरातलं प्रत्येक हाड आहे का?

प्रत्येक प्रकारचं किमान एक तरी हाड त्यात आहे, असं पूर्वापार सांगितलं जातं. प्रौढ माणसाच्या शरीरात २०६ हाडं असतात, त्यात कानातली तांदळाच्या दाण्याहून लहान हाडंही आली. ती खालून दिसणं शक्य नाही. खुब्याची हाडं, मणके, मांडीची हाडं आणि टोकाटोकांवरच्या कवट्या मात्र ओळखू येतात. मेडिकलची मुलं बरोबर असतील तर त्यांच्यात पैजा लागतात. लागू द्या, फक्त आवाज हळू ठेवा.

तो कावळा आणि डोळा टोचल्याचा काय प्रकार आहे?

ते श्वार्त्सेनबर्ग घराण्याचं राजचिन्ह आहे. १५९८मध्ये हंगेरीतला ग्यॉर किल्ला ऑटोमन तुर्कांकडून परत घेतला गेला, त्यात या घराण्यातल्या आडोल्फचा मोठा वाटा होता. तेव्हापासून त्यांच्या चिन्हात तुर्काच्या डोक्याचा डोळा टोचणारा कावळा आला. रिंटने तो हाडांत उतरवला. उजव्या खालच्या कोपऱ्यात बघा.

माझ्या मते या जागेत खरोखर खटकावी अशी गोष्ट असेल तर ती हीच. ढिगांना धर्माचा आधार आहे, झुंबरालाही ‘मरण विसरू नका’ हा अर्थ लावता येतो. पण प्लेगमध्ये गेलेल्या नावगाव नसलेल्या माणसांची हाडं घेऊन त्यातून जमीनदाराच्या घराण्याचं चिन्ह बनवायचं, यात भक्ती शोधावी लागते. काम देणाऱ्याला खूश ठेवायचं होतं, एवढंच त्यात दिसतं.

प्रागहून कसं जायचं? टूर घ्यावी का?

टूरची गरज नाही. प्रागच्या मुख्य स्टेशनवरून कुटना होरा मुख्य स्टेशनला रेल्वेने साधारण तासाभरात पोचता. काही गाड्या थेट आहेत, काहींना कोलीनला बदलावं लागतं. तिकीट काढताना ‘कुटना होरा’ नावाची एकाहून जास्त स्टेशनं दिसतील. मुख्य स्टेशनला उतरा. तिथून अस्थिगृह चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे. गावाचा जुना भाग मात्र आणखी दोन-अडीच किलोमीटर पुढे आहे, त्यासाठी बस किंवा छोटी लोकल गाडी मिळते.

लक्षात ठेवायची बाब म्हणजे चलन. चेक प्रजासत्ताक शेंगेनमध्ये आहे, पण तिथे युरो नाही, कोरुना चालतो.

तिकीट दारावर मिळतं ना?

नाही, आणि याच कारणाने लोक वैतागतात. तिकीट अस्थिगृहाच्या दाराशी मिळत नाही. थोड्या अंतरावर, मोठ्या कॅथेड्रलजवळ माहिती केंद्र आहे, तिथे घ्यायचं किंवा आधी ऑनलाइन काढायचं. स्टेशनवरून चालत येताना आधी केंद्रात जा, मग कॅथेड्रल बघा आणि शेवटी अस्थिगृह. उलट केलंत तर दारापर्यंत जाऊन परत यावं लागतं. अस्थिगृह आणि कॅथेड्रल यांचं एकत्र तिकीट मिळतं, तेच घ्यावं. का ते पुढे ‘दिवसभर काय करायचं’ या प्रश्नात आहे.

किती वेळ लागतो?

अर्धा तास पुरतो. जागा लहान आहे. ‘युरोपातलं प्रसिद्ध’ वगैरे वाचून गेलेले लोक आत गेल्यावर ‘एवढंच?’ म्हणतात. एका खोलीएवढा मध्यभाग, चार कोपऱ्यांत चार मोठे ढीग आणि मध्ये झुंबर. गर्दीच्या वेळी, म्हणजे उन्हाळ्यात प्रागच्या टूर बस येतात तेव्हा, खांद्याला खांदा लागतो. सकाळी उघडल्या उघडल्या गेलात तर ढिगांसमोर निवांत उभं राहता येईल. हिवाळ्यात लवकर बंद होतं आणि २४ डिसेंबरला उघडत नाही.

फोटो काढता येतात का? इंटरनेटवर तर शेकडो आहेत.

ते जुने आहेत. १ जानेवारी २०२०पासून आत फोटो आणि व्हिडिओ दोन्ही बंद. मोबाइल, कॅमेरा, फ्लॅशविना, सगळं त्यात आलं. व्यावसायिक किंवा अभ्यासाच्या कामासाठी पॅरिशची आगाऊ परवानगी घ्यावी लागते, दारावर विनवण्या करून मिळत नाही.

बंदी आली त्याला कारण पर्यटकच. लोक कवट्यांना गॉगल आणि टोप्या घालून फोटो काढायचे, काही जण चुंबन घेतानाचे, तर काही सेल्फी-स्टिकने हाडं सरकवायचे. वर्षाला पाच लाखांच्या घरात माणसं यायला लागल्यावर पॅरिशने दार लावलं नाही, फक्त कॅमेरे बंद केले. मला हा नियम योग्य वाटतो, आणि त्याचा एक फायदाही झालाय. सगळे आता डोळ्यांनी बघतात, त्यामुळे रांग भरभर पुढे सरकते.

‘माझ्या मागच्या गाइडने गुपचूप काढू दिले’ असं एकाने लिहिलंय. मग?

मग काही नाही. वरचं उत्तरच लागू. गाइड तुमचा, जागा त्यांची.

चेष्टा करायची नाही हे कळतं, पण नेमकं वागायचं कसं?

चर्चमध्ये वागतो तसं. पुरुषांनी टोपी काढावी. चपला-बूट काढायचे नसतात, आपल्या सवयीने दाराशी काढून ठेवू नका. हाडांना हात लावायचा नाही, नमस्कार करण्यासाठीसुद्धा नाही. बोटाचं तेल आणि घाम हाडांना चांगला नसतो आणि ढिगांतली हाडं नुसती एकावर एक रचलेली आहेत, चिकटवलेली नाहीत. नाणं टाकू नका. आपल्याकडे नदी दिसली की नाणं टाकायची सवय असते, इथे ते नाणं कुणाच्या तरी डोळ्याच्या खोबणीत अडकतं आणि काढताना कवटी हलते. लांबूनच हात जोडलेत तर मात्र कुणी काही म्हणणार नाही.

वास येतो का? कोंदट वाटतं का?

कुजल्याचा वास अजिबात येत नाही. हाडं कित्येक शतकांची आणि कोरडी आहेत. जुन्या दगडी तळघराचा गारवा आणि थोडी ओल जाणवते. उन्हाळ्यातही हलकं जाकीट बरोबर ठेवा.

आत गेल्यावर हाडांच्या ढिगाऐवजी मचाण आणि पाट्या दिसल्या. पैसे वाया गेले का?

गेली काही वर्षं दुरुस्ती सुरू आहे. चर्चला ओल लागली होती, पाया खचत होता आणि ढीग कलायला लागले होते. त्यामुळे ढीग उतरवून, प्रत्येक हाड स्वच्छ करून, नोंद करून पुन्हा रचण्याचं काम हाती घेतलं. यात वर्षं जातात. तुम्ही जाल तेव्हा एखादा ढीग जागेवर नसेल. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. उलट, हाडं इतकी काळजीपूर्वक हाताळली जातायत हे बघायची हीच वेळ. उतरवलेल्या हाडांवर मानवशास्त्राचे अभ्यासक काम करतात. जखमा झालेल्या काही कवट्या काचेच्या पेटीत ठेवल्या आहेत, युद्धात मेलेल्यांच्या. धारदार शस्त्राचा घाव हाडावर कसा दिसतो ते त्यात स्पष्ट कळतं. काठ गुळगुळीत, म्हणजे माणूस त्यानंतर जगला. काठ धारदार राहिला, म्हणजे नाही.

लहान मुलांना न्यावं का?

मुलावर अवलंबून आहे, वयावर कमी. सहा-सात वर्षांची मुलं बहुतेकदा मजेत हाडं मोजतात आणि ‘हा दात कुठे गेला?’ विचारतात. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना कधीकधी जास्त बोचतं, कारण त्यांना अर्थ कळतो. जाण्याआधी घरी सांगा की ही खरी माणसं होती, सिनेमातला सेट नाही. आत जाऊन ‘भूत येईल हं’ असलं काही बोलू नका. मुलाने बाहेर चल म्हटलं तर लगेच बाहेर पडा, दफनभूमीत बाकावर बसायला जागा असते.

घरात नुकताच कुणाचा मृत्यू झालाय. ट्रिप आधीच बुक होती. जावं का?

हा प्रश्न अपेक्षेपेक्षा जास्त येतो. नियम असा काही नाही. काहींना बरं वाटतं. एवढ्या माणसांमध्ये आपलं दुःख एकटं राहत नाही असं एकीने कळवलं होतं. काहींना स्मशानातून आल्यानंतर इतक्या लवकर कवटी बघणं सहन होत नाही, विशेषतः अस्थी स्वतः गोळा केल्या असतील तर. बरोबरच्यांनी आग्रह करू नये. तिकीट एकत्र असेल तर ज्यांना सहन होत नाही त्यांनी कॅथेड्रलमध्ये बसावं, तिथे हाडं नाहीत, भरपूर उजेड आहे.

सासूबाई विचारतायत: आल्यावर अंघोळ करायला हवी का? विटाळ होतो का?

सुतक लागत नाही. सुतक आपल्या नात्यातल्या माणसाचं असतं, कित्येक शतकांपूर्वीच्या अनोळख्याचं नाही. हाडाच्या स्पर्शाबद्दल विचाराल तर जुन्या धर्मशास्त्रात ओलं हाड आणि कोरडं हाड असा फरक केलेला आहे. ओल्याला हात लागला तर स्नान. कोरड्याला लागला तर आचमन करून गाईला हात लावावा किंवा सूर्याकडे बघावं, एवढ्यावर भागतं. इथली हाडं कोरडी आहेत आणि हात लावायचा नाहीच. तरीही वाटलं तर बाहेर आल्यावर सूर्याकडे बघा, तो दिसलाच तर. चेक प्रजासत्ताकात नोव्हेंबरमध्ये त्याची खात्री नाही.

गंमत सोडा. घरच्या ज्येष्ठांना हॉटेलवर येऊन अंघोळ केल्याने बरं वाटणार असेल तर त्यांना वाद न घालता करू द्या. अशा वेळी रात्रीच्या मुक्कामाच्या दिवशी सेडलेत्स ठेवा, लगेच पुढच्या गाडीने व्हिएन्नाला जायचं असेल त्या दिवशी नको.

आपण हाडं नदीत सोडतो. ही माणसं ती दाखवायला ठेवतात. ही विटंबना नाही का?

आपल्या नजरेने बघितलं तर तसं वाटणारच. आपल्याकडे देह अग्नीला दिला, तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा केल्या, विसर्जन केलं की शरीराशी नातं संपलं. मागे काही राहू नये हाच आदर. कॅथलिक श्रद्धेत शेवटच्या दिवशी देहासकट पुनरुत्थान होणार आहे, म्हणून हाडं जपणं हा आदर. आणि ती डोळ्यांसमोर ठेवणं म्हणजे जिवंतांना आठवण, की तुमचाही नंबर आहे. पोर्तुगालमधल्या एव्होरा इथल्या फ्रान्सिस्कन अस्थि-चॅपलच्या दारावर हेच लिहिलंय. भावार्थ असा: आम्ही हाडं इथे आहोत, तुमच्या हाडांची वाट बघतोय.

श्रद्धा खोटी नाही. पण रिंटच्या कामात श्रद्धेबरोबर हौसही आहे, आणि आजच्या तिकिटाच्या खिडकीत आणखी काही. बाहेरच्या दुकानांत प्लास्टरच्या कवट्या विकायला असतात. त्या न घेणं हा माझा सल्ला, पण तो आवडीचा प्रश्न झाला. राजचिन्हाबद्दलचं मत कावळ्याच्या प्रश्नात दिलंय, इथे पुन्हा सांगत नाही.

हाडांनी सजवलेल्या ठिकाणी चर्चचे विधी खरंच होतात का, की आता नुसतं संग्रहालय आहे?

दफनभूमीचं चर्च आहे ते, वरच्या मजल्यावर वेदी आहे आणि ती जागा प्रार्थनेची आहे. विधी चालू असताना वर फिरायला जाऊ नये. २ नोव्हेंबरला कॅथलिक लोक मृतांच्या आत्म्यांचा दिवस पाळतात. त्या सुमारास आजूबाजूच्या थडग्यांवर मेणबत्त्या आणि फुलं घेऊन घरची माणसं येतात. तेव्हा गेलात तर तुम्ही पाहुणे आहात, यजमान ते.

गुडघे दुखतात. व्हीलचेअर जाते का?

अस्थिगृह खालच्या मजल्यावर आहे आणि पायऱ्या उतरून जावं लागतं. पायऱ्या रुंद आहेत, पण आहेत. व्हीलचेअरवरच्या माणसाने आधी माहिती केंद्राशी बोलून घ्यावं. कॅथेड्रल त्या मानाने सोपं आहे.

फक्त अर्ध्या तासासाठी एवढं लांब? दिवसभर काय करायचं?

सेडलेत्सचं मरिया कॅथेड्रल आणि कुटना होऱ्याचं जुनं गाव १९९५पासून युनेस्कोच्या यादीत आहे, हाडांवाचून. कॅथेड्रलचीही सान्तिनीने पुनर्बांधणी केली. आत गेल्यावर उंच, फिकट, जवळजवळ रिकामं दालन. अस्थिगृहाआधी ते बघितलं तर एकाच हाताची दोन टोकं कळतात. गावातलं सेंट बार्बराचं चर्च चुकवू नका. बार्बरा ही खाणकामगारांची संत. चर्चचं काम १३८८मध्ये सुरू झालं आणि १९०५मध्ये पुरं झालं. चांदी संपली, पैसा संपला, म्हणून पाच शतकं गेली. आत भिंतींवर खाणकामगार आणि नाणी पाडणारे रंगवलेले आहेत. अस्थिगृहात ज्यांच्या फक्त कवट्या दिसतात, त्यांच्यापैकी काही जण असेच पांढरा अंगरखा घालून खाणीत उतरत असतील. नाणी जिथे पाडली जात तो ‘इटालियन कोर्ट’ही जवळच आहे.

एकच अस्थिगृह बघायचं असेल तर सेडलेत्स की पॅरिस की आणखी कुठलं?

पॅरिसचं तळघर आकाराने सगळ्यात मोठं, साठ लाखांच्या आसपास माणसांचं, पण ते चर्च नाही. बंद पडलेल्या खाणीत शहराने दफनभूम्या रिकाम्या करून भरलेलं गोदाम आहे. चालायला लांब आणि रांग त्याहून लांब. रोमला कापुचिन संन्याशांच्या चर्चखाली सुमारे ३,७०० संन्याशांची हाडं छताच्या वेलबुट्ट्यांसारखी लावली आहेत. कारागिरीत ते सेडलेत्सच्या तोडीस तोड. चेक प्रजासत्ताकातच ब्रनो शहरात सेंट जेम्स चर्चखालचं अस्थिगृह २००१मध्ये सापडलं आणि २०१२मध्ये लोकांसाठी उघडलं. पन्नास हजारांहून जास्त माणसं असूनही तिथे गर्दी कमी असते. नुसतं शांतपणे बघायचं असेल तर मी ब्रनो सांगेन.

आणि मला सगळ्यात आवडतं ते ऑस्ट्रियातलं हालश्टाट. तळं आणि डोंगराच्या मध्ये दफनाला जागाच नाही, म्हणून काही वर्षांनी कवटी काढून, उन्हात पांढरी करून, तिच्यावर नाव आणि पानाफुलांची नक्षी रंगवून ठेवायचे. बाराशेच्या आसपास कवट्या आहेत, त्यातल्या निम्म्याहून अधिक रंगवलेल्या. शेवटची १९९५मध्ये ठेवली, १९८३मध्ये वारलेल्या एका बाईची, तिच्याच इच्छेवरून. सेडलेत्सला नसलेली गोष्ट तिथे आहे: प्रत्येकाला नाव आहे.

गोव्यात असं काही आहे का? एव्होराचे पोर्तुगीज तिथेही होते.

सजवलेलं अस्थि-चॅपल गोव्यात नाही. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूस बॅसिलिकात संत फ्रान्सिस झेवियर यांचं पार्थिव आहे, पण त्याची तुलना इथे करू नये. ते एका नाव असलेल्या संताचे अवशेष आहेत, श्रद्धेने दर्शन घेतलं जातं आणि दर दहा वर्षांनी प्रदर्शन होतं. अलीकडचं नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५मध्ये झालं. गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती माणसाबरोबर सेडलेत्सला जात असाल तर ‘तुमच्याकडे पण असं असतं ना’ हे वाक्य टाळा.

फोटो नाहीत, मग बसून चित्र काढलं तर चालेल का?

लेखी नियम फोटो आणि चित्रीकरणाबद्दल आहे. वही-पेन्सिल चालेल का ते तिकीट घेतानाच विचारा. परवानगी मिळाली तरी ईझल, रंग, घडीची खुर्ची नेऊ नका, वाट अरुंद आहे. आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांना एक सूचना: झुंबर काढण्यात वेळ घालवू नका, त्याची चित्रं मुबलक आहेत. कोपऱ्यातल्या ढिगाच्या बाजूने उभे राहा आणि लांब हाडांची टोकं आणि कवट्या एकाआड एक कशा बसवल्यात ते काढा. चुना-माती न वापरता एवढी उंच रचना कशी उभी राहते ते चित्र काढतानाच कळतं.